उंबऱ्यावरचा दिवा

माझ्या सुनेनं, वंदनानं, भाऊबिजेच्या दिवशी माझ्या माहेरच्या मुराळ्याच्या हातातली देवीची उदबत्ती हिसकली आणि गाडीच्या खिडकीतून रस्त्यावर फेकली. पेटलेली उदबत्ती. देवीच्या नावानं लावलेली. फेकली आणि वर हात असे झटकले, जसा काही विंचू होता तो. आता असल्या सुनेला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एवढं एकच असतं तर मी गिळलं असतं. पण त्याच्या आधी दोन दिवस तिनं रोहिणखेडला, माझ्या माहेरी, फोन लावला. माझ्या भावजयीला, पुष्पावहिनीला, विचारते काय, तर तुमच्याकडं दिवसभर लाईट राहते का? चूल कुठं आहे? आई घरात असतील तोवर घरात विस्तव नको. विडी नको, फटाके नको, गॅस बंद ठेवा. दिवाळीत! ज्या घरची चूल माझ्या बापाच्या हयातीत थंड पडली नाही, त्या घराला ही चिखलीत बसून सांगते की चूल विझवा. पुष्पावहिनीनं फोन ठेवताना काय तोंड केलं असेल, ते मला इथं पलंगावर बसून दिसलं.

आणि दिवसभर एकच जप. "आई, बोलू नका. बोलल्यानं दम लागतो." अहो, या घरात मी बोलले म्हणून तर घर उभं राहिलं. आमचे हे, रामराव, गायीसारखे गरीब. अडत्याशी मी भांडले, गड्यांना मी हाकललं, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, शेजाऱ्याशी मी उभी राहून बोलले. माझ्या तोंडाला अख्खी आळी भ्यायची. त्या तोंडाला ही म्हणते बंद राहा.

छाती माझी चुलीनं खाल्ली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की बाई, जन्मभर धूर गिळला तुम्ही. मी म्हटलं, धूर नाही गिळला, घरातल्यांना भाकरी खाऊ घातली. पण सांगून काय होतं? आता माझ्या पलंगाशी एक मशीन आहे. लाईटवर चालतं, रात्रंदिवस घरघर करतं. त्याची नळी माझ्या नाकात. नळी जेवढी लांब तेवढं माझं राज्य. मोरीपर्यंत जाते, ओट्यापर्यंत जाते, फाटकापर्यंत पुरत नाही. गायीला दावं असतं तसं.

बाहेर जायचं तर ऑक्सिजनची टाकी. लहान, लोखंडी, अंगानं काळी आणि मानेला पांढरी. खांद्याच्या पिशवीत बसते. वर घड्याळासारखा काटा असतो. काटा हिरव्यात तोवर आपण आहोत. तो लालाकडं सरकायला लागला की दुसरी टाकी लावायची. टाकी आणून देणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आजी, इस्तवापासून दूर राहा. एक बुवा नाकात नळी ठेवून विडी पेटवाले गेला. नळीसकट पेटला. मिशा गेल्या, गाल गेला."

मी म्हटलं, "बाप्पा, मले ना विडी ना मिशा. मी कायले पेटतो?"

सगळे हसले. मीपण हसले. पण त्या दिवसापासून शेजारी कुणी काडी ओढली तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहतात.

भीतीचं असं आहे की ती सांगता येत नाही. सांगितली की घरातले लोक तुमच्याकडं लहान पोरासारखं पाहायला लागतात. दम लागतो तेव्हा तोंडात कुणी कापूस कोंबल्यासारखं होतं, ओला कापूस, मुठीमुठीनं. ओरडावं तर ओरडायलाही हवा लागते. म्हणून पावसाळ्यापासून मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, "माहेराहून मुराळी आला नाही, मी कशी जाऊ?"

तेही खोटं नव्हतं. सासरी दिलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस आलं पाहिजे, भाऊ नाहीतर भाचा. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याशिवाय मी माहेरच्या उंबऱ्यावर कधी पाय ठेवला नाही. एकटी एसटीत बसून जाणाऱ्या बायकांना मी नावं ठेवली आहेत.

मग किसनदादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ. गेल्या उन्हाळ्यात त्याचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून तोंडातून शब्द ओला होऊन येतो. म्हणाला, "मने, औंदा ओवाळशीन का मले? पुढच्या दिवाळीचं मी काई सांगत नाही."

मी म्हटलं, "मुराळी पाठव." झालं. बोलून बसले. फोन ठेवला आणि पलंगाच्या काठाला घट्ट धरून बसले.

भाऊबिजेला सकाळी दादाचा मुलगा गोपाळ गाडी घेऊन दारात. पन्नाशीचा माणूस, पण माझ्यासमोर अजून चड्डीतलाच. मी दादानं गेल्या वर्षी पाठवलेलं हिरवं लुगडं नेसले होते. नळी पदराखाली घेतली, पदर डोक्यावरून असा ओढला की नाकाचा शेंडा सोडून काही दिसू नये. आळीतल्या बायका फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना मी आजारी दिसायला नको होते, माहेरी निघालेली दिसायला हवी होते.

गोपाळनं पिशवी पाहिली. "आत्या, हे काय व? गॅसवर चालून राह्यली काय तू आता?"

"हो," मी म्हटलं, "तुह्या गाडीपेक्षा बरी चालतो. तुह्याच गाडीले धक्का द्या लागते."

वंदनानं मागं डिक्कीत घरातलं मशीन ठेवलं, सीटखाली दोन भरलेल्या टाक्या ठेवल्या, टाकीची चावी आपल्या गळ्यात दोऱ्याला बांधून अडकवली. मंगळसूत्राच्या शेजारी चावी! मला ते पाहवलं नाही. माझा मुलगा राजकुमार फाटकात उभा राहून म्हणाला, "आई, वंदनाचं ऐकजो." म्हणजे मी सुनेचं ऐकायचं. मी गाडीचं दार जरा जोरातच ओढलं.

बुलढाणा मागं टाकलं आणि राजूर घाटाच्या तोंडाशी गोपाळनं गाडी बाजूला घेतली. काचेपाशी देवीचा फोटो लावलेला. त्याच्यापुढं उदबत्ती लावल्याशिवाय तो घाट उतरत नाही, त्याचा बापही उतरत नसे. काचा बंद होत्या, रस्त्याचा धुरळा नको म्हणून. त्यानं काडी ओढली.

तो आवाज मी झोपेतही ओळखते. पण देवीचं काम, माहेरचा माणूस. मी पदराखाली नळी मुठीत धरली आणि डोळे मिटले. तेवढ्यात वंदना मागून पुढं वाकली, त्याच्या हातातून उदबत्ती घेतली, काच खाली केली आणि ते झालं, जे मी पहिल्यांदा सांगितलं.

"ओ वहिनी!" गोपाळ ओरडला. "देवीची हाये ते!"

"देवी समजून घेईल, भाऊजी. टाकी नाही समजून घेत."

"अवं, उदबत्ती हाये, होळी नाई! फुंकर मारली तं इझते!"

मी म्हटलं, "काऊन व वंदना, माह्या माहेरच्या मानसाची काई इज्जत—"

"आई, बोलू नका."

मग मी अबोला धरला. तोंड खिडकीकडं केलं. पुढं आयुष्यात हिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. थोड्या वेळानं ध्यानात आलं की तिला तर हेच पाहिजे होतं.

घाटात दुसऱ्या वळणावर गाड्या थांबल्या होत्या. आधी वाटलं, आता निघतील. मग आमच्या मागंही रांग लागली. एसटी, जीपा, मोटरसायकली, एक ट्रॅक्टर. पुढं जायला नाही, मागं जायला नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल. गोपाळ खाली उतरून पाहून आला. कापसानं भरलेला ट्रक वळणावर आडवा पडला होता. सगळा रस्ता पांढरा झाला आहे म्हणाला.

"किती वेळ लागेल?" वंदनानं विचारलं.

"काय सांगता येते? क्रेन बुलढाण्याहून येईन."

समोरच्या ट्रकवाल्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं. त्याचा काळा धूर आमच्या काचेवर येऊन बसायचा. काचा बंद, आत ऊन. पदराखाली माझ्या गळ्यावरून घाम ओघळत होता. वंदना खिडकीबाहेर पाहायची आणि पाहता पाहता डोळ्याच्या कोपऱ्यातून काट्याकडं पाहायची. तिला वाटलं मला कळत नाही. मी स्वतः तर त्याच्याशिवाय दुसरं काहीच पाहत नव्हते. सकाळपासून दम लागतोय म्हणून तिनं हवा जरा वाढवून ठेवली होती, त्यामुळं टाकी लवकर उतरत होती. काटा हिरव्यातून निघाला. मग त्या दोन रंगांच्या मधल्या रेघेवर आला. घरी काटा तिथं आला तरी माझ्या शेजारी मशीन असतं. इथं शेजारी दरी होती.

"आई, टाकी बदलते," वंदना म्हणाली. "मिनिटभर हवा बंद राहील. घाबरू नका."

"मी कायले घाबरतो?" मी म्हटलं. अबोला मोडला तो असा.

तिनं गळ्यातली चावी काढली, जुनी टाकी बंद केली. नाकातली थंड धार थांबली. तिनं वरचं काट्याचं यंत्र सोडवलं, नव्या टाकीवर बसवलं आणि चावी फिरवली. फुस्सकन् आवाज आला. हवा नळीत येण्याऐवजी सांध्यातूनच बाहेर चालली. तिनं झटकन बंद केलं. यंत्र उलटं करून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"वॉशर पडलं," ती म्हणाली. "भाऊजी, वॉशर पडलं खाली. गोल, चपटं, एवढंसं."

दोघं खाली वाकले. गोपाळ पुढून, ती मागून. गाडीत खाली काय नव्हतं? झेंडूच्या पाकळ्या, चुरमुरे, फटाक्यांचे कागद, त्याच्या नातवाची खेळण्यातली चाकं. मी वर बसून होते आणि तोंडात कापूस भरायला लागला होता.

मला नीट आठवतं, समोरच्या ट्रकच्या मागं मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं आणि ते मला वाचता येईना. चौथीपर्यंत शिकले आहे मी, पाट्या वाचते. पण ती अक्षरं एकमेकांत गेली. मी दाराची कडी धरली. दार उघडून बाहेर पडावं असं वाटलं. बाहेर हवा आहे ना, एवढी डोंगरभर हवा आहे, मग मला का नाही? मी तोंड उघडून ओढत होते आणि आत काही जात नव्हतं. माझाच आवाज मला ऐकू येत होता, जुन्या भात्यासारखा. मला वाटलं, दादा दारात वाट पाहत असेल. मला वाटलं, लोक म्हणतील म्हातारी घाटात मेली, मुराळ्याच्या गाडीत मेली, गोपाळला जन्माचा बट्टा लागला.

"आई, फुंका," खालून वंदना म्हणाली. ती सीटखाली डोकं घालून होती, मला तिची फक्त पाठ दिसत होती. "नाकानं घ्या. ओठ मिटून सोडा. गरम चहा फुंकतो तसं. माझ्यासंग. फूऽऽ."

डॉक्टरनं ते शिकवलं होतं. घरी मी कधी केलं नाही. पोरांसारखी फू फू काय करायची म्हणून मी त्याच्यासमोरच हसले होते. पण आता ती खाली अंधारात हात फिरवत होती आणि तिथूनच फुंकत होती, फूऽऽ, फूऽऽ, आणि मी वर बसून तिच्यामागं फुंकत होते. ती थांबली असती तर मीही थांबले असते. ती थांबली नाही. मोबाईलचा उजेड इकडं तिकडं फिरत होता, तिचा खांदा सीटला आपटत होता, आणि फूऽऽ, फूऽऽ.

"सापडलं!" ती वर आली. केसांत झेंडूची पाकळी. वॉशर स्वतःच्या पदराला पुसलं, बसवलं, चावी फिरवली. नाकात थंड धार आली. मी डोळे मिटले. मला रडू आलं होतं, पण ते पदराच्या आत आलं, कुणाला दिसलं नाही.

डोळे उघडले तेव्हा वंदना चावी परत गळ्यात अडकवत होती आणि दोरा तिच्या डोक्यातून जाईना. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आता समोरच्या ट्रकवरची अक्षरं वाचता येत होती. 'हॉर्न दो' लिहिलं होतं, एवढंच.

क्रेन आली, ट्रक बाजूला झाला. आम्ही त्या सांडलेल्या कापसातून घाट उतरलो. मोताळा मागं गेलं. जुन्या मशिदीचे दगड दिसले आणि मला कळलं, रोहिणखेड आलं. तिथं पोचल्यावर माझी पाठ आपोआप ताठ होते. मी पदर सारखा केला, नळी पुन्हा झाकली. माहेरच्या गल्लीतून मला दम लागलेली बाई म्हणून जायचं नव्हतं.

गाडी दारात थांबली. वंदना म्हणाली, "आई, बसून राहा. मी आधी मशीन आत लावते, मग उतरा."

मी उतरले. माहेरच्या दारात सुनेची वाट पाहत गाडीत बसायची का मी? पिशवी खांद्याला लावली, एका हातानं भिंत धरली, ओटा चढले. पायऱ्या तीनच, पण छाती धपापली. वंदनानं मागून पळत येऊन टाकीची गुंडी फिरवून हवा मोठी केली आणि परत मशीन काढायला गेली. हवा इतकी जोरात आली की पदराच्या आत नुसतं थंडगार झालं.

दारात पुष्पावहिनी उभ्या. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. "या मनाबाई! पाहा, तुह्या सुनेच्या फोनपायी उजाडल्यापासून घरात काडी ओढली नाही म्या. पहाटेच सैपाक उरकला. चूल पान्यानं इझवली. गॅसची टोपी काढून टाकली. तुह्या दादाले विडी दिली नाही, तं सकायपासून फुगून बसला. गल्लीतल्या पोट्ट्यायचे फटाके सुदिक बंद केले. आता बोल, हाये का कुठी इस्तव?"

"नाही व वहिनी," मी म्हटलं. मला बरं वाटलं. माझ्यासाठी माहेरची चूल विझवली आणि तरी वहिनी हसत होत्या.

"थांब मंग तठीच. उंबरा नको वलांडू." असं म्हणून त्या वळल्या आणि देवघरातून ताट घेऊन आल्या.

ताटात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि पेटलेलं निरांजन.

आमच्या घरची रीत आहे. दिवाळीला आलेल्या लेकीला उंबऱ्याबाहेर उभी करून ओवाळायचं, भाकरीचा तुकडा उतरून टाकायचा, मग आत घ्यायचं. माझ्या लग्नापासून प्रत्येक दिवाळीला असंच झालं. वहिनींनी घरातला सगळा विस्तव शोधून शोधून विझवला होता. निरांजन त्यांना विस्तव वाटलंच नाही. देवाचा दिवा, तो कुठं विस्तव असतो? मलाही वाटला नाही. दिवा पाहून मला आधी माझी आईच आठवली. मी पदर सावरला आणि ओवाळून घ्यायला डोकं पुढं केलं.

वहिनींनी कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली. मग ताट वर उचललं.

ज्योत बदलली. रोजची ज्योत पिवळी असते, ढिली असते. ही माझ्या तोंडाशी आली आणि पांढरी झाली, लांब झाली, सुईसारखी ताठ. वहिनींना ते दिसलं नाही, त्या माझ्या डोळ्यांकडं पाहून हसत होत्या. ताट डावीकडून उजवीकडं चाललं होतं आणि ज्योत माझ्याकडं झुकत होती, जसं वासरू आचळाकडं मान घालतं. तेव्हा मला त्या विडीवाल्याचा गाल आठवला. तेव्हा मला कळलं की माझ्या पदराच्या आत सगळी तीच हवा भरली आहे. लुगडं, केस, सगळं त्या हवेत भिजलं आहे.

ओरडायला पाहिजे होतं. 'वहिनी' एवढाच शब्द. तो आला नाही. फुंकायला पाहिजे होतं, घाटात तेच केलं होतं, पण ओट्याच्या तीन पायऱ्यांनी माझ्या छातीत फुंकरीपुरतीही हवा ठेवली नव्हती. पाय उंबऱ्यापाशी रोवल्यासारखे. जन्माची बोलकी बाई मी, आणि माझ्याच माहेरच्या दारात, माझ्याच भावजयीच्या हातून, हसत हसत जळायला निघाले होते. ज्योत दुसऱ्यांदा फिरून आली. केस जळाल्याचा वास आला.

माझ्या मागं काहीतरी धाडकन पडलं. ते मशीन होतं, ओट्यावर टाकलेलं. आणि माझ्या खांद्यावरून वंदनाचं तोंड पुढं आलं.

फूऽऽ.

निरांजन विझलं. वातीतून धुराची एक रेघ वर गेली.

तिनं एका हातानं मला मागं ओढलं होतं, दुसऱ्या हातानं टाकीची गुंडी बंद करत होती. वहिनींच्या हातातलं ताट तसंच अर्ध्यावर.

"व माय," वहिनी म्हणाल्या. आधी हळू. मग मोठ्यानं. "व माय व! भाऊबिजेचा दिवा फुंकला! अवं, घरात बिमार मानूस हाये, अन् दारात दिवा फुंकते का कोनी? तोंडानं?"

गोपाळ टाक्या घेऊन ओट्याखाली उभा होता. "सकायी देवीची उदबत्ती," तो म्हणाला. "आता दिवा. वहिनी, तुमी आमच्या घरावर काय धरून आल्या?"

वंदनानं खाली मान घातली. मला दारातल्या खुर्चीवर बसवलं, माझ्या नाकातली नळी सारखी केली, गुंडी पुन्हा जराशी सोडली. तिच्या हनुवटीला घाम होता. मी वाट पाहिली की ती सांगेल, बाई, तुमच्या नणंदेचा जीव चालला होता. ती सांगेना. माझ्या माहेरी माझ्यासमोर माझ्या माणसांना उलट बोलायचं नाही, हे मीच तिला लग्नाच्या वर्षी शिकवलं होतं. आज नेमकं तिनं ते ऐकलं.

आतून दादाचा ओला आवाज आला. "मने? आली का? काऊन दारातच?"

"आली जी, आली," वहिनी आत बघून म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला. "पन तुमचा दिवा इझवला. काय होते आता देव जाने. काडीपेटी आन रे गोपाळ, पुन्हा लावतो. अन् हिले म्हना पाया पड देवाच्या."

मी पदर चाचपला. कपाळावरची बट कुरकुरीत झाली होती, बोटांत चुरली. आणि पदराच्या काठाला, कानाशेजारी, बोट जाईल एवढं भोक होतं. कडा तपकिरी. अजून कोमट. मी त्यातून बोट घातलं आणि तसाच पदर वर धरला. वहिनींनी पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं, आणि हातातलं ताट हळूच खाली ओट्यावर ठेवलं. गोपाळ काडीपेटी आणायला निघाला होता, तो पायरीवरच थांबला.

दोन वेळा नाकानं घेतलं, ओठ मिटून सोडलं, चहा फुंकतो तसं, सगळ्यांसमोर. मग म्हटलं, "वंदना, अठी ये. समोर उभी राह्य."

ती समोर आली.

"बोलू नका म्हनशीन तं याद राख. सकायपासून तुनं मले बोलू नाई देलं, आता मी बोलतो अन् तू आयक. दिवा फुंकला त्याचा काई दोस लागत असन तं तो मले लागो, तुले नाही. तुह्या फुंकरीवर मी आज दोनदा वाचली. दादाले मी अंगठी-सुपारीनं ओवाळतो, अन् दिवा तू धरशीन, तिकडं खिडकीपाशी, दूर. वहिनी, गोपाळ, तुमीबी आयका. पुढच्या दिवाळीले मुराळी पाठवू नका. मले माहेरी आनाचं ते वंदना आनन, तिच्या गळ्यात चावी हाये. पन पोरी, एक गोष्ट मी सोडत नाही. मानसाच्या तोंडापाशी फुंकाचं तं थुका आवरून फुंकाव. माहं अख्खं कुंकू वाहून गेलं. जाय, वल्लं फडकं आन, अन् मंग मले दादापाशी घेऊन चाल."